खैरमाळच्या सात चुली

उल्हासनगर, कॅम्प ५
६ जानेवारी २०२५

ती. हरिचंद्रकाका यांस,
जिज्ञासाचा नमस्कार.

पप्पांच्या तेराव्यानंतर आपलं बोलणं झालेलं नाही, त्याला चार वर्षं झाली. पत्र बघून दचकू नका. आई बरी आहे, मीही बरी आहे. खैरमाळला फोनला रेंज नाही आणि तुमचा नंबरही कोणाकडे नाही, म्हणून आईने सांगितल्याप्रमाणे चामटोलीला कैलासच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर लिहिते आहे.

मी एका संस्थेत नोकरी करते. ऑफिस एका सिंधी शेटच्या जीन्सच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे, दिवसभर पायाखाली शिलाई मशिनं धडधडत असतात. तिथे बसून आम्ही बदलापूर-अंबरनाथच्या डोंगरांवरच्या गावांची माहिती लिहितो. आपलं खैरमाळ माझ्या वाट्याला आलंय.

स्पष्टच सांगते. वर्षभर राहणारी निदान पाच कुटुंबं असतील तर गाव यादीत राहील आणि टाक्यातलं पाणी वर चढवायला सौर पंप मिळेल. पाचापेक्षा कमी असतील तर गावापुढे 'निर्जन' असं लिहिलं जाईल आणि मग पंपाचं नाव काढायचं नाही. मोतीकाकू अजून डोक्यावरून पाणी आणतात असं आई म्हणते. त्यामुळे माहिती नीट द्या. जागा, जमीन, पिकं, पाणी, घरं, माणसं, असे रकाने आहेत.

आपली,
जिज्ञासा


खैरमाळ
१० जानेवारी २०२५

चि. जिज्ञासा हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. रकाने मला समजावू नकोस. बत्तीस वर्षं कोतवाल होतो, तलाठ्याचे रकाने मीच भरायचो आणि तो नुसत्या सह्या ठोकायचा.

जागा: चामटोलीहून निघालं की दीड तासाची चढण. शेवटचा टप्पा असा की पहिल्यांदा येणारा माणूस आपल्या नशिबाला शिव्या देतो. वर आलं की माळ पसरलेला आहे, ताटात भाकरी ठेवावी तसा. तीन बाजूंना कडा. बदलापूरच्या नव्या इमारती इथून दिसतात, दरवर्षी त्या थोड्या जवळ येतात.

जमीन: वरकस, डोंगरउताराची हलकी. भात फक्त खालच्या चार खाचरांत. बाकी नाचणी, वरी, खुरासणी आणि बांधावर उडीद. आमची नाचणी काळपट असते, खालच्या बाजारात तिला कोणी हुंगत नाही. पण तिची भाकरी खाऊन माणूस संध्याकाळपर्यंत जेवण मागत नाही.

पाणी: गावाखाली दीडशे पावलांवर कातळातलं टाकं. चैत्रानंतर झरा करंगळीएवढा होतो. हंडा भरायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात गावातल्या सगळ्या भानगडी बोलून होतात.

घरं: एके काळी चौदा. सात पडली. सात उभी आहेत: मी, मोतीवहिनी, धर्मराज, बाळाजी, विठा, कृष्णा आणि तुम्ही. कारवीच्या कुडाच्या भिंती, सागाच्या तुळया, वर मंगलोरी कौलं. सातही घरांत रोज सकाळी चूल पेटते.

अंगणात बसून लिहितोय. ऊन चांगलं आहे.

तुझा काका,
हरिचंद्र


उल्हासनगर, कॅम्प ५
१४ जानेवारी २०२५

ती. काका,

तुमचं पत्र पोस्टाने दोन दिवसांत आलं. डोंगरावरून दोन दिवसांत, आणि कॅम्प ३ मधून आलेली कागदपत्रं आम्हाला आठ दिवस मिळत नाहीत! कैलासचं कौतुक करायला हवं.

माहिती सुरेख आहे, पण एक गोष्ट कळली नाही. सातवं घर आमचं लिहिलंत. ते २००३ पासून बंद आहे. पप्पा शहाडला नोकरीला लागले आणि आम्ही खाली आलो तेव्हा मी पाच वर्षांची होते. मग तिथे चूल कोण पेटवतं?

आणि प्रत्येक घरातली माणसं हवीत, नाव आणि वयासकट. अनुया मॅडम, म्हणजे आमच्या साहेब, याबाबत फार कडक आहेत.

जिज्ञासा


खैरमाळ
२ फेब्रुवारी २०२५

चि. जिज्ञासा,

तुझ्या बापाने तुला हे सांगितलं नाही म्हणजे कमाल झाली.

खैरमाळला घर सोडून जाताना किल्ली देत नाहीत, कारण कुलूपच नसतं. धूर देतात. म्हणजे जाणारा आपल्या चुलीतला विस्तव शेजाऱ्याच्या चुलीत नेऊन टाकतो. मग शेजाऱ्याने रोज सकाळी त्यातला विस्तव परत त्या घरात न्यायचा, चूल पेटवायची, घटकाभर धूर होऊ द्यायचा आणि निघायचं. यात देवाधर्माचं काही नाही. धूर बंद झाला की तुळयांना भुंगा लागतो, कुडाला वाळवी लागते. पावसाळ्यात महिनाभर धूर चुकला तर पुढच्या पावसात घर बसतं. ती सात पडली ती अशीच पडली.

तुमचा धूर कमळाकरने वहिनीकडे दिला होता. बावीस वर्षं ती देते आहे. तेव्हा तुमचं घर वगळ, सहा लिही. सहा म्हणजे पाचाच्या वर झाले.

माणसं: मी एकटा. वहिनी एकटी. धर्मराज, त्याची बायको आणि तीन पोरी, धाकटी चौथीत. बाळाजी, त्याची आई, बायको, दोन मुलगे. विठा म्हातारी आणि तिचा सुयोग. कृष्णाकडे सहा जण. वयं वेगळ्या कागदावर लिहिली आहेत.

हरिचंद्र


उल्हासनगर, कॅम्प ५
१८ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

खैरमाळचा अहवाल लिहून झाला. सहा कुटुंबं, वीस माणसं. धुराची चाल मी 'स्थानिक प्रथा' या रकान्यात घातली, तर मॅडमनी ती सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली. मला खरंच आनंद झाला. आपल्या गावाविषयी कोणी चांगलं बोललं की इतकं बरं वाटतं हे माहीत नव्हतं.

आता फक्त पडताळणी राहिली. प्रत्येक कुटुंबाचा घरासमोर फोटो घ्यायचा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी येते. त्या दिवशी सगळ्यांना घरी थांबायला सांगाल का?

जिज्ञासा


खैरमाळ
२३ फेब्रुवारी २०२५

चि. जिज्ञासा,

मार्चमध्ये मुळीच येऊ नकोस. पेरणीआधी शेतात राब भाजायचे दिवस आहेत, सगळे रानात असतात, घरात कोणी सापडणार नाही. शिवाय वरच्या टप्प्यावर आग्यामोहोळ बसलंय. दिवाळीनंतर ये, तेव्हा नवी नाचणी असेल. फोटो हवेत तर कैलासकडून काढून पाठवतो.

हरिचंद्र


उल्हासनगर, कॅम्प ५
११ मार्च २०२५

ती. काका,

हे पत्रही कैलासच्याच पत्त्यावर पाठवते आहे. तुम्ही त्याच्या शेजारीच राहता, तेव्हा ते लवकर मिळेल.

रविवारी मी खैरमाळला गेले. तुम्ही नको म्हणालात म्हणूनच गेले असं समजा. बदलापूरहून रिक्षाने चामटोलीला पोचले तेव्हा सात वाजले होते. डोंगराकडे पाहिलं. माळावरून धूर निघत होता. मी उभी राहून मोजला, सात ठिकाणी होता. मला तुमचा संशय आला होता त्याची लाज वाटली.

वर पोचायला पावणेदोन तास लागले. आग्यामोहोळ कुठेही नव्हतं. धर्मराजकाकांचं घर पहिलं, म्हणून त्यात गेले. चूल गरम होती. बाकी घरात काहीच नव्हतं. भांडं नाही, अंथरूण नाही, खुंटीवर कपडा नाही. बाळाजींच्या घरात तेच. विठाआजीच्या घरात तेच. तुमच्या घरात भिंतीवर २०२१ चं कॅलेंडर होतं. अंगणात गुडघाभर गवत वाळलं होतं, ज्या अंगणात बसून तुम्ही मला लिहीत होतात.

शेवटी आमच्या घरातून खोकल्याचा आवाज आला. मोतीकाकू चुलीपाशी बसून विझत आलेल्या विस्तवाला पुन्हा फुंकर घालत होत्या, शेजारी विस्तवाचं घमेलं. मला म्हणाल्या, "कोन गो तू?" मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "कमळाकरची पोर? आता आलीस तर बस. तुझंच घर हाय, पन चूल माजी हाय."

बाकीची माणसं कुठे आहेत, असं मी विचारलं. "मानसं? खालती. सगली खालती. हरिचंद्र पन खालतीच, चामटोलीला कैलासच्या शेजारी, त्याच्या पोराकडं, दिपेशकडं. चार वरसं झाली. गुडघं गेलं त्याचं." मग स्वतःच सांगत बसल्या. धर्मराजकाका अंबरनाथला. चौथीत शिकणारी त्यांची धाकटी तिथे नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विठाआजी गेल्या होळीला वारल्या. शाळेच्या पत्र्यावर झाड उगवलंय, तेही मी पाहिलं.

काकू रोज पहाटे उठून सात घरं फिरतात. वय किती, असं विचारलं तर, "मोजलं नाय, काम असतं," म्हणाल्या. त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पाण्याचा हंडा त्या डाव्या हाताने कमरेवर घेतात आणि दोनदा टेकतात. मी आणायला गेले तर मलाही दोनदा टेकावं लागलं.

मी रागावले आहे, काका. तुम्ही मला फसवलंत, आणि मी ते सगळ्या ऑफिससमोर मिरवलं. पुढच्या आठवड्यात अहवाल द्यायचा आहे. काय लिहू ते तुम्हीच सांगा.

जिज्ञासा


चामटोली
१५ मार्च २०२५

चि. जिज्ञासा,

पहिल्यांदाच खरा पत्ता घातला.

मी फसवलं. धूर आणि माणूस यांतला फरक मला कळत नाही असं म्हणून सुटता येईल, पण बत्तीस वर्षं कोतवाल होतो, तो फरक मला चांगला कळतो. आमच्या गावकीत मात्र तो कधी कोणी केला नाही. वर्गणी असो, गावदेवीचा नारळ असो, धूर निघतो ते घर धरायचं, माणूस मुंबईत असला तरी. तुझं पत्र आलं तेव्हा पेन हातात घेतलं आणि त्याच हिशोबाने सात लिहून मोकळा झालो. दुसऱ्या पत्रापासून मात्र माणसांबद्दल मी सरळ खोटं लिहिलं. धर्मराजची पोर चौथीत होती त्या वर्षी गाव भरलेलं होतं, म्हणून तेच वर्ष लिहिलं.

कैलासच्या दुकानाबाहेर बाकड्यावर बसून मी ती पत्रं लिहिली. तिथून माळ दिसतो. सकाळी सात वाजता धूर दिसला की वहिनी उठली, बरी आहे, एवढं कळतं. मग चहा घेतो. चार वर्षं मी तिच्यासाठी एवढंच केलं. मला स्वतःची शरम वाटते, आणि ती आत्ता नव्हे, पहिल्या दिवसापासून वाटते.

तिला खाली ये म्हणून पाच वेळा सांगितलं. येत नाही. जबरदस्ती करणारा मी कोण? तिला निदान पाणी दारात मिळावं, एवढ्यासाठी हा सगळा उद्योग केला. तू काय लिहावंस हे सांगायचा अधिकार मी गमावला. पण खोटं लिहू नकोस, तुझी नोकरी जाईल.

हरिचंद्र


उल्हासनगर, कॅम्प ५
२ एप्रिल २०२५

ती. काका,

अहवाल दिला. एक कुटुंब, एक माणूस.

जुना कागद अनुया मॅडमकडून मागे घेतला. धुराची प्रथा तशीच राहू दिली आहे. काकूंसाठी पंपाची वेगळी शिफारस जोडली, पण एका माणसासाठी पंप बसत नाही असं मला तोंडावर सांगितलं गेलं. मी जे लिहिलं ते बरोबर आहे. तरीही दोन रात्री झोप लागलेली नाही.

जिज्ञासा


खैरमाळ
८ जून २०२५

चि. जिज्ञासा,

या वेळी पत्ता खरा आहे. विश्वास बसत नसेल तर पाकिटाला लागलेला चुलीचा काळा डाग बघ.

यादी लागली. कैलासने दुकानात वाचून दाखवली. खैरमाळ, निर्जन. तिथे चार-पाच माणसं होती, कोणी मान हलवली, कोणी तंबाखू मळली आणि विषय बदलला. मी घरी गेलो आणि वळकटी बांधली. सून उन्नती म्हणाली, आबा, डोकं फिरलंय का तुमचं. दुसऱ्या दिवशी खालच्या टप्प्यापर्यंत वळकटी दिपेशनेच आणून दिली. दीड तासाच्या चढणीला मला साडेचार तास लागले.

वहिनी मला बघून म्हणाली, "आता काय इसरलास म्हनून आलास?" राहायला आलो म्हटलं तर म्हणाली, "मग तुजं पानी तूच आन." आणतो. एक कळशी, चार वेळा टेकून.

सरकारच्या कागदावर या गावात कोणी राहत नाही आणि आम्ही दोघं इथे रोज भांडतो. भांडण बहुतेक लाकडांवरून असतं.

आता मुद्द्याचं. वहिनीचा खांदा पार गेला. विस्तवाचं घमेलं तिला उचलवत नाही, पायाने ढकलत नेते. मी तीन चुली घेतल्या, पण धुराने मला दम लागतो. सात आमच्याने होणार नाहीत आणि पावसाळ्यातच धूर जास्त लागतो. म्हणून सगळ्यांना पत्रं टाकली: येऊन राहा, नाहीतर घराचं काय करायचं ते कळवा. बाळाजीचा निरोप आला, सोडून द्या. कृष्णाचाही तोच. धर्मराजचं उत्तर नाही, विठाचा सुयोगही गप्प आहे. तुझं तूच सांग.

आलीस तर तू तिसरी. मी आग्रह करत नाही.

हरिचंद्र


उल्हासनगर, कॅम्प ५
२० जून २०२५

ती. काका,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तुम्ही वर गेलात हे ऐकून ती रडली, मग तुमच्या गुडघ्यांना तेल पाठवायचं म्हणून बाजारात गेली. तेल सोबत पाठवते आहे.

मी येऊ शकत नाही. नोकरी इथे, आईचा डॉक्टर इथे, खोलीचं भाडं इथे. दर रविवारी येईन असं लिहिणार होते. पण दोन रविवार आले असते, तिसऱ्याला काहीतरी निघालं असतं, हे मला माहीत आहे. तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून रागवायचं आणि मीच खोटं लिहायचं, हे बरं नाही.

म्हणून आमच्या घराचा धूर बंद करा. मला त्या घरातलं फारसं आठवत नाही, पण हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. पप्पांनी एकदाही त्या घराबद्दल तक्रार केली नाही, एकदाही परत जाऊ म्हटलं नाही, पण शेवटच्या आजारात झोपेत ते चूल पेटली का विचारायचे. आम्हाला वाटायचं, भूक लागली असेल.

काकूंनी बावीस वर्षं केलं, आता पुरे. त्यांचे हात माझ्या बापाच्या तुळयांपेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत. तुळया आणि कौलं काढून तुम्हाला लागतील तिथे वापरा. माझी संमती म्हणून हे पत्र जपून ठेवा. त्यांना हे नीट समजावून सांगा, मी रागाने लिहिलेलं नाही.

जिज्ञासा


खैरमाळ
६ जुलै २०२५

चि. जिज्ञासा हिस आशीर्वाद.

तेल मिळालं. वहिनीच्या खांद्यालाही लावतो आहोत, आईला सांग.

तुझं पत्र वहिनीला दोनदा वाचून दाखवलं. बापाच्या झोपेचं आलं तिथे तिने मला थांबवलं, बाहेर जाऊन आली, मग पुढे वाच म्हणाली. सगळं ऐकून घेतलं आणि नाचणी निवडत बसली. मला वाटलं, पटलं तिला.

बाळाजीची आणि कृष्णाची चूल आम्ही बंद केली आहे. त्यांची कौलं उतरवायला दिपेश चार माणसं घेऊन आला होता. जेवला, एक दिवस राहिला आणि जाताना स्वतःच्या आईची जुनी बांबूची पाटी घेऊन गेला. धर्मराज आणि सुयोग अजून गप्प आहेत, त्यांच्या चुली मी सांभाळतो.

तुझं पत्र वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठलो तर वहिनी दारात नाही. बघतो तर घमेलं पायाने ढकलत, पाऊस लागू नये म्हणून फडकं त्यावर धरून, तुमच्या घराकडे चाललेली. मी मागून ओरडलो, वहिनी, अगं कळवलंय ना तिने, बंद करा म्हणून! लेखी कळवलंय!

ती थांबली नाही. उंबऱ्यापाशी घमेलं टेकवलं, दम खाल्ला आणि म्हणाली, "ती हितं ऱ्हाते का?"

मी म्हटलं, नाही.

"मग तिचं म्हननं कशाला धरायचं? जो हितं ऱ्हात न्हाय तो मोजायचा न्हाय, असं तिनंच लिवलं ना सरकारला?"

आणि आत जाऊन तिने चूल पेटवली. मी पावसातून जाऊन जळणाची फाटी आणून दिली.

तुझा,
हरिचंद्र